न्हाणीमागची धामण

एझ्रा पेणकरने नोकरीची सगळी वर्षं कंपनीत नट आवळण्यात घालवली, आणि घरामागच्या परसात तो पाऊल टाकायचा ते फक्त आंघोळीला जाताना. परस ज्युडिथचं. भेंडी तिची, अळू तिचं, पडवळाचा मांडव तिचा. ताटात पडेल ते खायचं आणि मीठ कमी असलं तर सांगायचं, एवढंच एझ्राचं बागकाम. रिटायर झाल्यावरही या वाटणीत काही फरक पडला नव्हता.

मे महिन्यात इस्रायलहून त्यांच्या लेकीचं, साराचं पत्र आलं: दिवस भरत आलेत, आईला पाठवा. ज्युडिथ जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होती, पण तिच्या जिवाला घोर परसाचा.

"अहो, पावसाच्या आधी जमीन खणून ठेवा," निघता निघता ती म्हणाली. "बियाणं डब्यात हाय, पुड्यांवर नावं हायत. भेंडी दाट लावू नका. आन् न्हाणीच्या मागल्या बोळात पाय ठेवू नका. धामण हाय तिथं. चांगली वावभर लांब."

एझ्रा तसा साहेबालाही न घाबरणारा माणूस, पण सापाचं नाव काढलं की पाय खुर्चीवर घ्यायचा. बोळाच्या तोंडाशी ज्युडिथने एक जुना पत्रा आडवा लावून ठेवला होता. त्या पत्र्याला पुढचे चार महिने त्याने बोटसुद्धा लावलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने मोठ्या तयारीने बनियन घातलं, डोक्याला फडकं बांधलं आणि कुदळ शोधायला लागला. कुदळ काही सापडेना. माळ्यावर नाही, पडवीत नाही. गेल्या वर्षी धरलेली कंबर तेवढी जागेवर होती, ती लगेच बोलायला लागली. एझ्राने अर्धा तास शोधल्यासारखं केलं, देवाचीच इच्छा दिसत नाही असं ठरवलं आणि सरळ रघूच्या दारात जाऊन उभा राहिला. रघूकडे वरश्यात, अख्ख्या गावात उरलेली एकच बैलजोडी होती. कंपनीचा एक कोरा रेनकोट बक्षीस ठरला. रघूने कुंपणाच्या बेड्याचे आडवे बांबू काढून बैल आत घातले आणि चहा उकळेपर्यंत सगळं परस नांगरून दिलं.

"ज्युडिथ उगाच पंधरा दिवस खणत बसते," एझ्रा बशीतला चहा फुंकत म्हणाला. अक्कल असली की कष्ट वाचतात, असं त्याचं त्या दिवशी मत झालं होतं.

आणि परस असं काही माजलं म्हणता! लाल माठ गुडघ्याला लागला. भेंडी सकाळी बोटाएवढी दिसली की दुसऱ्या दिवशी तोडायलाच हवी, नाहीतर जून व्हायची. कोवळ्या काकडीकडे बोट दाखवलं तर ती कुजते, म्हणून एझ्रा बोट मुडपून दाखवायला शिकला. पडवळं वाकडी व्हायला लागली तेव्हा त्याने त्यांच्या शेंड्यांना दगडांऐवजी कंपनीतून आणलेले नट बांधले. सगळी पडवळं ओळंब्यात सरळ. पहाटे उठून तो वेलींची विचारपूस करू लागला. शेजारच्या धोंडुबाईच्या मांडवावर मात्र त्याच्यापेक्षाही लांब पडवळं लोंबत होती, ते त्याला जरा सलायचं.

खरं सांगायचं तर या सगळ्यामागे भीती होती. साराला मुलगा झाला होता, आणि तिचं प्रत्येक पत्र आता एकाच सुरात येत होतं. आईला इथं बरं वाटतंय. बाबा, तुम्हीही या. तिथं आता आपले बेने इस्रायल उरलेच किती? ते खोटं नव्हतं. सणाच्या प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात; पेणला ते जमवायचे तर आताशा दोन-तीन गावं पालथी घालावी लागत. ज्युडिथने राहते म्हटलं नव्हतं, येते असंही म्हटलं नव्हतं. एझ्राला वाटायचं, निदान परस तरी तिच्या हातचं होतं तसं राहू दे. ते बिघडलं तर ती परत तरी कशासाठी यायची? नवऱ्याचं तोंड बघायला कोणी विमानात बसत नाही.

परसाचा मान मोठा होता. दरवर्षी ऋषिपंचमीला वरश्यातल्या डझनभर घरांतल्या बायका भाजी ज्युडिथकडूनच नेत. ती आदल्या संध्याकाळी सगळं काढून पालेभाजी, शेंगभाजी, दोन-चार अळूची पानं असे वाटे लावून ठेवायची. ऋषीची भाजी एझ्रानेही तीस वर्षं वाटी भरभरून खाल्ली होती. बायका इथेच का येतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही. ज्युडिथच्या हाताला चव आहे, म्हणून येत असतील.

त्या वर्षी चतुर्थी शुक्रवारी आली आणि पंचमी शनिवारी. गुरुवारी संध्याकाळी पलीकडच्या बंगल्यातली नवी सून ऋतुजा फाटकाशी आली. हरतालिकेच्या उपासाने तिचं तोंड सुकलं होतं.

"काका, सासूबाईंनी विचारायला सांगितलंय. तुमची भाजी बैलाच्या कष्टाची नाही ना?"

"म्हणजे?" एझ्रा म्हणाला.

"पंचमीला नांगरलेल्या जमिनीतलं चालत नाही ना. माणसाने हाताने खणून पिकवलेलंच खायचं. इथे आता सगळीकडे स्लॅब पडले, मागे परस राहिलं ते तुमचंच. म्हणून."

एझ्राच्या पायाखालची जमीन सरकली, आणि ती जमीन रघूच्या बैलांनी नांगरलेली होती.

"छे छे!" तो म्हणाला. "इथे बैलाचं नावसुद्धा नाही."

उचलली जीभ लावली टाळ्याला. पोरगी समाधानाने निघून गेली, आणि एझ्रा तडक रघूकडे. रघू ऐकून हसेल असं त्याला वाटलं होतं, पण रघूने कपाळावर हात मारला.

"काका, आय माजी तुमच्याकडचीच भाजी नेते! तिला समजलं तर बैलाआधी मला दावणीला बांधल."

"तुला माहीत नव्हतं?"

"मला वाटलं, काकी हितं नाय, औंदा तुमची भाजी तुमीच खाणार. आता गप ऱ्हावा. झाकली मूठ सव्वा लाखाची. बैल काय सांगायला येत नाय."

बैल सांगायला येणार नव्हते, हे खरं. पण एझ्राला झोप येईना. त्यांच्या नव्या वर्षाचा, नव्याचा सण मंगळवारीच झाला होता. दारं लावून उपास करायचा दारफाळणीचा सण पुढच्या गुरुवारी. मधल्या दहा दिवसांत माणसाने केलं-सवरलं कबूल करायचं, ज्याचं वाईट केलं त्याच्यापुढे जाऊन माफी मागायची. आणि नेमक्या याच दहा दिवसांत तो बारा बायकांचा उपास मोडायला निघाला होता, वर एका उपाशी पोरीशी खोटं बोलून. सांगावं, तर ज्युडिथचं तीस वर्षांचं नाव जातं. न सांगावं, तर नाव राहतं, पण ते कसलं नाव?

शुक्रवारी दिवस कलायच्या आत भाजी काढणं भाग होतं. दिवा लागला की त्याचा विसाव्याचा शनिवार सुरू, मग देठसुद्धा तोडता येत नाही. घरोघरी गणपती बसले, आरत्या झाल्या, मोदक खाऊन पुरुष लवंडले, आणि चारच्या सुमाराला बायका टोपल्या घेऊन परसात आल्या. पुढे धोंडुबाई. तिच्यामागे रघूची आई सगुणा आणि बाकीच्या. ऋतुजाही होती. रघू कुंपणापलीकडून मान हलवून 'नाही, नाही' अशा खुणा करत होता.

एझ्रा माठाच्या वाफ्यात विळा घेऊन खाली बसला. एक जुडी धरली. मग सोडून दिली. तो तसाच उठला.

"ही भाजी तुम्हाला चालायची नाही," तो म्हणाला. "जूनमध्ये मी इथे बैल घातले. मला माहीत नव्हतं. पण काल माहीत झालं, तरी मी या पोरीशी खोटं बोललो. पोरी, माफ कर मला. यात ज्युडिथचा काही दोष नाही. तिने खणायला सांगितलं होतं, मी खणलं नाही."

सगुणाने हळूच मान वळवून कुंपणाकडे पाहिलं, पण रघू तिथे नव्हताच.

मग धोंडुबाईला हसू फुटलं. ती पदर तोंडाला लावून हसली, मग पदर सोडून हसली, आणि शेवटी टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन हसली.

"भावजी, मला काय म्हायत नाय? बैल माज्याच दारावरनं गेले ना! बैल काय उंदीर हायत, न दिसता जायाला?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत, वहिनी?"

"ज्युडीनं शपथ घातलीवती. चला माज्यामागं."

धोंडुबाई न्हाणीच्या दिशेने निघाली आणि तिने बोळाच्या तोंडचा पत्रा धरला.

"अहो, तिथे धामण आहे!" एझ्रा ओरडला.

"हाय ना. ज्युडीनंच सोडलीय." धोंडुबाईने पत्रा बाजूला फेकला.

न्हाणीची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये तीन हात रुंद पट्टा होता. बैल तर सोडाच, त्यात शेळीही वळली नसती. आंघोळीचं पाणी तिथेच मुरायचं. त्या पाण्यावर अळू कमरेइतकं वाढलं होतं. लाल माठ होता, भेंडीच्या दोन ओळी होत्या, कणसं धरलेला मका होता, चवळी होती. आणि कडेने पडवळ कुंपणावर चढून पलीकडे धोंडुबाईच्या मांडवावर गेलं होतं. इतके दिवस एझ्रा ज्या पडवळांवर जळत होता, त्यांची मुळं त्याच्याच न्हाणीमागे होती.

"जायच्या आधी आठ दिवस खणत व्हती ती," धोंडुबाई म्हणाली. "तुमी कंपनीच्या दोस्तांकडं पत्ते खेळाया गेलात का ही हितं कुदळ घेऊन. बी माज्याकडं दिलं, पाऊस लागल्यावर कुंपणाच्या फटीतनं येऊन मी पेरलं. मी म्हणलं, गो, नवऱ्याला नीट सांग ना, बैल घालू नको म्हणून. तर म्हणाली, सांगितलं तर ते खणतील. कंबर धरलेला माणूस हाय, आडवा झाला तर मी तिकडं, त्यांना बघल कोण? बैल घातले तर घालू दे. म्हणून कुदळबी लपवून गेली."

एझ्रा त्या पट्ट्याकडे बघत राहिला. कुदळ सापडत नव्हती तेव्हा आपण किती खूश झालो होतो, ते त्याला आठवलं आणि लाज वाटली. मग, चारचौघींत नको म्हणत असतानाही, डोळे भरून आले. त्याने डोक्याचं फडकं काढून नाक शिंकरलं.

"आणि मी काही बोललो नसतो तर?" त्याने विचारलं.

"तर मी म्हणले असते, भावजी, औंदा माठ काय बरा दिसत नाय, मागला बघू. भाजी हितलीच नेणार व्हतो." धोंडुबाईने पदर खोचला. "पण तुमी बोललात ते बरं केलंत. ज्युडीला सांगाया बरं."

मग बायकांनी वेळ घालवला नाही. कोणी अळू कापलं, कोणी चवळी तोडली. ऋतुजा चप्पल काढून मक्यात शिरली आणि पहिलं कणीस तोडून तिने एझ्राला दाखवलं. नांगरलेल्या वाफ्यांतलं पुढे गौरीच्या जेवणाला न्यायचं ठरलं. गौरीला बैलाचं वावडं नव्हतं. सूर्य टेकायच्या आत टोपल्या भरल्या, आणि एझ्राने हातपाय धुऊन, ज्युडिथ लावायची तसा, शुक्रवारचा दिवा लावला.

शनिवारी दुपारी धोंडुबाईने वाटीभर भाजी आणून दिली. सगळं एकत्र शिजवलेलं, ना तिखट ना फोडणी. एझ्राने वाटी बोटाने पुसून खाल्ली. मीठ कमी होतं. तो काही बोलला नाही.

ज्युडिथचा फोन दर रविवारी पाच वाजता धोंडुबाईकडे यायचा. एझ्रा साडेचारलाच जाऊन बसला. घंटी वाजली, आणि आधी नेहमीची खरखर ऐकू आली, मग ज्युडिथ.

"काय हो, धामण दिसली का?"

"दिसली," एझ्रा म्हणाला. पुढचं, दोन दिवस मनात जुळवलेलं सगळं विसरायला झालं. "ज्युडी, कुदळ कुठे लपवलीस?"

"आता कशाला कुदळ?"

"दिवाळीनंतर वाल लावायचेत ना. तोवर रोज थोडं थोडं खणून हाताला सवय करतो. या खेपेला बैल नाही."

पलीकडे बाळ रडत होतं. सारा मागून काहीतरी विचारत होती. ज्युडिथने तिला थांब म्हटलेलं ऐकू आलं.

"नाय सांगणार," ती म्हणाली. "एकटे खणाल आन् कंबर मोडून घ्याल. दिवाळीच्या आधी येते मी. मग काढून देते, दोघं मिळून खणू."

"साराला बोललीस?"

"बोलले. म्हणलं, तुज्या बापाला धामणीच्या भरवशावर किती दिवस ठेवू?"

लाईन तुटली. एझ्राने रिसीव्हर कानाला तसाच धरून ठेवला होता. धोंडुबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"काय म्हणाली?" तिने विचारलं.

"येतेय," एझ्रा म्हणाला.