तळघरातली मेणबत्ती

नेब्बिओलोची काळी द्राक्षं तुडवून लाल वाइनसाठी पिंपांत भरली की तळघरात पेटती मेणबत्ती पुढे धरूनच उतरायचं, ही ओर्तेन्साच्या सासरची रीत. रस फसफसू लागला की खालची हवा विषारी होते. आधी ज्योत विझते, मग माणूस.

"मेणबत्ती घ्या हो!"

"अगं, यंदा विजेचा दिवा बसवलाय! मेणबत्तीनं काय पिंपांना ओवाळू?" नवरा एवाझिओ हसला आणि गाणं म्हणत खाली उतरला.

गाणं मध्येच थांबलं.

"अहो?"

ओर्तेन्सा मेणबत्ती पेटवून धावली. अर्ध्या जिन्यातच ज्योत विझली. खाली नवा दिवा मात्र लख्ख जळत होता, आणि त्याच्या उजेडात पालथा पडलेला एवाझिओ तिला तिथूनच स्पष्ट दिसत होता.