खाता येतं

जर्मनीच्या दक्षिणेत, आमच्या श्वाबियात, कौतुक करायची रीत नाही. कोणी शिव्या घातल्या नाहीत की समजायचं, काम चोख झालं. लग्न झाल्यापासून मी बटाट्याचं सॅलड करते आणि माझा नवरा गेबहार्ड पहिला घास गिळून म्हणतो, "खाता येतं." याहून मोठं बक्षीस मला मिळालेलं नाही, आणि मी कधी मागितलंही नाही.

त्यामुळे क्लासनसाहेब तोंड भरून कौतुक करायला लागले तेव्हा नवऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

क्लासन उत्तरेकडच्या हँबुर्गचे. ज्या कंपनीने बनवलेली मोटार गल्लीत शिरली की आमचे शेजारी पडदा बाजूला सारतात, त्या कंपनीत खरेदीवर होते. आमचा कारखाना छोटा, पेट्रोलच्या इंजिनांच्या सुट्या भागांवर चाललेला. विजेच्या गाड्या आल्या आणि ते काम आटलं. म्हणून गेबहार्डने रक्ताचं पाणी करून गाडीच्या दाराचं नवं लॅच बनवलं. दार नुसतं टेकवलं की ते अलगद आत ओढून घेतं. कंपनीने ते घेतलं तर कारखाना राहणार, नाहीतर टाळं. आमच्या कामगारांच्या बायका मला बेकरीत भेटायच्या. विचारत काही नसत, नुसत्या बघत.

क्लासननी कारखान्यात येऊन ते लॅच बसवलेलं दार पुन्हा पुन्हा उघडून लावलं. अप्रतिम, म्हणाले. कारखान्याची फरशीसुद्धा त्यांना सुंदर वाटली. आमच्या घरी जेवताना सॅलड तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि कृती विचारली. मी सांगून टाकली: बटाटे गरम असतानाच कापायचे, कांदा, व्हिनेगर, आणि वरून मांस उकळलेला पातळ, कढत रस्सा. टेबलाखाली गेबहार्डने माझ्या पायावर पाय दिला. निघताना त्यांनी लॅचचा नमुना आणि आतल्या स्प्रिंगचं ड्रॉइंग पाठवायला सांगितलं. तपासायचं तर उघडून बघावं लागेल, म्हणाले.

गाडी वळणाआड गेली तसा गेबहार्ड माझ्यावर घसरला. "रस्सासुद्धा सांगितलास?"

"सॅलड आहे ते, तिजोरीची किल्ली नाही."

"एक खोट काढली नाही त्याने. भाव पाडून मागितला नाही. ज्याला माल घ्यायचा असतो तो आधी नाक मुरडतो."

"अरे, उत्तरेकडची माणसं बोलतातच तशी."

"हो, गोड बोलतात, ड्रॉइंग नेतात आणि स्वस्तातल्याकडून करून घेतात."

असं कुणाकुणाचं झालेलं ऐकलं होतं, म्हणून मलाही छातीठोकपणे काही बोलता येईना. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. आमचं दूध तर अजून चुलीवरही चढलं नव्हतं, आणि हा फुंकायला बसला होता. मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

त्याने नमुना पाठवला, पण झाकण रिव्हेट मारून पक्कं बंद केलं. उघडायला गेलं तर आतली स्प्रिंग मोडेल असं. ड्रॉइंग पाठवलंच नाही.

काही आठवड्यांनी कंपनीने त्याला बोलावलं. लग्नातला कोट घालून गेला आणि जेवायच्या वेळेला परत आला. मी ताट वाढलं. त्याने घास घेतला, सावकाश चावला.

"सॅलड चांगलं झालंय," म्हणाला.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "काय झालं, गेबहार्ड?"

काम दुसऱ्याला गेलं होतं. जो आपल्यासमोर झाकण उघडत नाही त्याच्या भरवशावर आपल्या गाडीचं दार कसं सोडायचं, असं वरच्यांनी विचारलं. क्लासन आमच्या बाजूने भांडले होते. दारापर्यंत सोडायलाही आले.

"तुला निरोप दिलाय," तो ताटाकडे बघत म्हणाला. "त्याने घरी सॅलड केलं. रस्सा घालून. जमलं म्हणे."

मी म्हटलं, "आज मीठ कमी पडलंय. नीट खाऊन बघ."

त्याने पुन्हा एक घास घेतला.

"नाही गं," म्हणाला, "खरंच चांगलं झालंय."

आणि मला रडू फुटलं.