बाहेरची कडी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. हॉलचा नव्हे, की येणाऱ्या-जाणाऱ्याने कौतुक करावं. मी अडगळीच्या खोलीचा. सुताराने मला जाड, निबर लाकडातून घडवलं आणि कडी बाहेरून बसवली. "आत काय माणसं राहणार आहेत?" म्हणून तो हसला होता. आता ते आठवलं की माझ्या बिजागऱ्या कुरकुरतात.

मला दोन बाजू आहेत. एक घराकडे, दुसरी आतल्या अंधाराकडे. आत पिठाचे डबे, मोडकी खुर्ची आणि कोपऱ्यात गुंडाळून उभी केलेली मोठी गादी. ती गादी मला पहिल्यापासून आवडली नाही. जरा धक्का लागला की कलायची.

घरात आई, पाच वर्षांची टिल्ली आणि रांगायला लागलेलं बाळ. बाबा ट्रकवर, कधीतरी उगवणारे. एकटी आई कुठे कुठे पुरणार हो! टिल्ली चिडली की घर डोक्यावर घ्यायची, ताट भिरकावायची. एके दिवशी आईचं डोकंच फिरलं. तिने टिल्लीला आत ढकललं, कडी लावली आणि म्हणाली, "शहाणी झालीस की सांग. तोवर दार उघडणार नाही!"

टिल्ली माझ्यावर मुठी आपटत राहिली. मग हुंदके. मग बारीक आवाजात, "झाले शहाणी." तेव्हा कुठे कडी निघाली.

पुढे तो नियमच झाला. हळूहळू मुठी थांबल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय जादू केलीत? पोर अगदी गरीब गाय झाली!" आईने खुशीत माझ्यावर थाप मारली. पण आतली बाजू मला दिसत होती ना! आवाज फुटू नये म्हणून टिल्ली अंधारात स्वतःचाच दंड चावायची.

एका दुपारी आई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. "बाळाकडे बघ गं, आलेच मी." बाळाने भोकाड पसरलं. टिल्लीने खुळखुळा वाजवला, वेडीवाकडी तोंडं केली, पापे घेतले. बाळ काही थांबेना.

मग मला स्टूल ओढल्याचा आवाज आला.

तिने बाळाला काखेत धरून ओढत आणलं, आत बसवलं, मला लोटलं आणि स्टुलावर चढून कडी घातली. "शहाणा झालास की सांग," ती म्हणाली. आवाज हुबेहूब आईचा.

अहो, त्या बाळाला अजून 'आई'सुद्धा म्हणता येत नव्हतं!

रडत रडत ते कोपऱ्याकडे रांगलं. गादीला धरून उभं राहायला लागलं. गादी कलली. धप्प झालं आणि रडणं थांबलं.

टिल्लीने मला कान लावला. "झालास?" तिने माझ्यावर टकटक केली. "नुसतं गप्प बसून चालत नाही रे. म्हणावं लागतं." आणि ती शहाण्यासारखी वाट बघत बसली. मी पडलो लाकूड. ओरडणार कसा?

आई रिकामी बादली घेऊन आली. "बाळ कुठंय?"

"शहाणा होतोय."

बादली तिथेच पडली. कडी ओढताना आईची बोटं सोलली. गादीखालून एक पाऊल तेवढं दिसत होतं. तिने गादी भिरकावली, निळसर पडलेलं बाळ उचललं, पाठ चोळली, ढसाढसा रडली. आणि बाळाने एकदाची किंकाळी फोडली. "रड माझ्या राजा, जोरात रड!" आई म्हणत होती.

टिल्ली बघत होती. मग ती मुकाट्याने आत गेली आणि मला ओढून घेत म्हणाली, "आई, कडी लाव."

आईने मला सताड उघडलं. बाळाला घेऊन ती टिल्लीजवळ जमिनीवर बसली आणि तिला कुशीत ओढलं. तेव्हा तिला टिल्लीची बाही वर सरकलेली दिसली, आणि दंडावर दातांचे वण.

दुसऱ्या दिवशी सुताराने कडी काढली. आता टिल्ली चिडली की आई हातातलं काम टाकून तिच्याशेजारी बसते. टिल्ली मात्र आधी माझ्यावरची स्क्रूची भोकं बघते आणि घाईघाईने म्हणते, "झाले शहाणी." आई म्हणते, "ते राहू दे. काय झालं ते सांग." कडी गेली हे टिल्लीला अजून खरं वाटत नाही.

मित्रांनो, एवढंच मागतो. रडणारं लेकरू माझ्याआड कोंडू नका, त्याच्याजवळ बसा. आणि एखादं पोर फारच लवकर शहाणं झालं, तर शाबासकी देण्याआधी त्याची बाही वर करून बघा.