आनंदीबाईंचा अर्ज

टेपचं एक टोक इंदूकाकूंच्या चौकटीला दाबून एक माणूस उकिडवा बसला होता. दुसरा टेप उलगडत मागे मागे पायऱ्यांपर्यंत गेला आणि ओरडला, "छब्बीस फुट!" आकडा लिहून घेणाऱ्या इंजिनियरच्या हातात काकूंच्याच पितळी पेल्यातला चहा होता.

आनंदीबाई शाळेतून परत येत होत्या. त्यांना पाहून इंजिनियर पुढे आला. दिनानाथ त्याचं नाव. विकास कार्यालयातल्या ज्या टेबलापुढे आनंदीबाईंनी नऊ वर्षं खेटे घातले होते, त्या टेबलामागचा हा तिसरा माणूस.

"मास्टरनीजी, बधाई हो. आपका काम पास हो गया."

"सच?" आनंदीबाईंच्या तोंडून एवढंच निघालं. "कहाँ बनेगा?"

"कहाँ क्या? यहीं." त्याने पेल्यानेच काकूंच्या दोन खोल्यांकडे खूण केली. "ये हटेगा, तभी तो बनेगा."

आत काकू बाकीच्या माणसांसाठी पुन्हा आधण ठेवत होत्या. त्यांनी दारातून हाक मारली, "आनंदी, तू पण चाय घेऊन जा गं. हे लोक काय नापतायत कुणास ठाऊक, सकाळपासून उभेच आहेत बिचारे."

आनंदीबाईंनी चहा घेतला. पेला रिकामा करून त्या घरी गेल्या.

ही पंच्याण्णव सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. आनंदीबाई तेव्हा छप्पन वर्षांच्या होत्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवत, धाकट्या भावाच्या घरी गच्चीवरच्या खोलीत राहत. लग्न केलं नव्हतं. बनारसमध्ये त्यांच्या घराण्याची ही पाचवी पिढी. शाळेत हिंदी, बाजारात हिंदी, घरात मराठी, आणि तीही भावाच्या मुलांपर्यंत येता येता निम्मी उरलेली. आयुष्यात कुणाला सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं. अर्ज तेवढा एक होता.

संकठा घाटाच्या त्या बाजूला बायकांसाठी ना मुतारी होती, ना कपडे बदलायला आडोसा. गावोगावहून अस्थी घेऊन आलेल्या म्हाताऱ्या ओल्या लुगड्यांनी कुडकुडत उभ्या राहत आणि पुरुषांची पाठ फिरायची वाट बघत. आनंदीबाईंची आई नदीवर जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नसे. पुढे तिची मूत्रपिंडं निकामी झाली. त्याचं कारण हेच, असं डॉक्टर कधी म्हणाले नव्हते. आनंदीबाईंनी ते स्वतःच ठरवलं होतं. आई गेली त्या वर्षी त्यांनी पहिला अर्ज लिहिला. मग दर तीन-चार महिन्यांनी एक. आता नदीकाठ सुधारायची योजना आली होती. घाटावर उतरणारी वाट रुंद व्हायची होती, दिवे लागायचे होते, लोकांना बसायला ओटे व्हायचे होते. त्या कागदांमध्ये त्यांच्या अर्जाला शेवटी जागा मिळाली.

ती जागा इंदूकाकूंची निघाली. काकू वाईच्या. नवऱ्याबरोबर काशीला आल्या, नवरा इथेच गेला, काकू परत फिरल्या नाहीत. एकतीस वर्षं काकू एका धर्मादाय ट्रस्टच्या या दोन खोल्यांत राहत होत्या, कागदपत्राशिवाय. श्राद्धाला आलेल्या लोकांना त्या पिंडांसाठी भात रांधून देत. मऊ, पण हाताला न चिकटणारा. भटजीसुद्धा यजमानाला सांगत, "आधी वर जाऊन काकूंना भेटा." आनंदीबाईंच्या आईच्या दहाव्याचा भातही त्यांनीच रांधला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आनंदीबाई कार्यालयात गेल्या.

"कोई दूसरी जगह देखिए," त्या म्हणाल्या.

दिनानाथने नकाशा पसरला. तो वाईट माणूस नव्हता. एकेका ठिकाणी पेन्सिल टेकवत त्याने नीट समजावून सांगितलं. खालचा ओटा पुरात बुडतो. शेजारची जमीन देवळाची. पलीकडच्या हवेलीचा खटला कोर्टात. सांडपाण्याचा मोठा नळ काकूंच्याच भिंतीमागून गेलेला. "यही एक है, मास्टरनीजी. मार्च निकल गया तो मंजूरी भी गई. फिर नौ साल और लिखिए."

संध्याकाळी त्या ट्रस्टच्या सचिवांकडे, बिंदुमाधवांकडे गेल्या. ते तयारीतच होते. "रामनगरला आपली एक खोली रिकामी आहे. नळ आहे, अंगण आहे. इथे काय आहे? पावसाळाभर भिंती गळतात. फक्त अर्जदार म्हणून तुमची सही हवी, की मोहल्ल्याला हीच जागा पसंत आहे. नाहीतर उद्या लोक म्हणतील, ट्रस्टने म्हातारीला हाकललं."

"आणि मी सही केली तर काय म्हणतील?"

"तुमचं नाव चांगलं आहे," बिंदुमाधव म्हणाले.

रविवारी आनंदीबाई सकाळभर घाटावर बसून राहिल्या. चार बायकांनी एक चादर धरली होती आणि तिच्याआड पाचवी लुगडं बदलत होती. वारा सुटला की चादर उडे आणि नावेतली पोरं शिट्ट्या मारत. सोमवारी त्यांनी सही केली. सही एका झटक्यात झाली, याचंच त्यांना पुढे वाईट वाटत राहिलं.

मंगळवारी त्या काकूंकडे गेल्या. काकू सुपात तांदूळ निवडत होत्या. आनंदीबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काकू निवडतच राहिल्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तुला कधी कळलं?"

"मोजायला आले त्या दिवशी."

"म्हणजे माझा चाय पिताना तुला माहीत होतं."

"हो."

काकूंनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "आणि सही कधी केलीस?"

"काल."

"मग आज विचारायला आलीस, की सांगायला?"

आनंदीबाई दाराच्या चौकटीला टेकल्या.

"रामनगर," काकू म्हणाल्या. "गंगेच्या त्या पार. तिकडे मेलं तर काय होतं म्हणतात, ठाऊक आहे ना? गाढवाचा जन्म येतो." त्या जराशा हसल्या. मग हसू गेलं. "मी इथे कशाला राहिले गं? भाऊ न्यायला आला होता, दोनदा. नाही गेले. इथे डोळे मिटायचे, एवढ्यासाठी. दुसरं काय मागितलं कुणाकडे?"

"तुम्ही माझ्या खोलीत चला, काकू. मी भावाशी बोलते."

"भावाशी बोलून मग आली असतीस, तर आले असते."

आनंदीबाई खाली बसल्या. "काही दुखणंखुपणं झालं तर मी तुम्हाला लगेच इकडे आणीन. कसंही करून. वचन देते."

काकू तांदळात बोटं फिरवत राहिल्या. "वचन नको देऊस," त्या म्हणाल्या. "ये मात्र."

मे महिन्यात खोल्या रिकाम्या झाल्या. सामान एका ठेल्यावर मावलं. निघण्याआधी काकूंनी दोन्ही खोल्या झाडून काढल्या.

"पाडणारच आहेत, वहिनी," बिंदुमाधव म्हणाले.

"त्यांना पाडू दे. मी घाण ठेवून जाणार नाही."

ठेला नदीवरच्या तरंगत्या पीप्यांच्या पुलावरून पलीकडे गेला. आनंदीबाई त्याच्याबरोबर चालत होत्या. काकू पुढे चालत होत्या.

त्यानंतर दर रविवारी आनंदीबाई रामनगरला जात. खोली खरंच बरी होती, अंगणात नळ होता. पण तिथे काकूंना काम नव्हतं. भात मागायला कुणी येत नव्हतं. स्वतःपुरतं रांधायची त्यांना सवय नव्हती. कधी चुरमुरे खात, कधी तेही नाही. जूनमध्ये, पाणी चढायच्या आधी, तो पीप्यांचा पूल काढला आणि नावा सुरू झाल्या. एका रविवारी काकूंनी आपण होऊन विचारलं, "किती बांधलं?"

"जोतं आलंय."

"आत पाणी घालतायत ना? नाहीतर नुसत्या भिंती उभ्या करतील."

"घालतायत. मी बघून येते रोज."

"बघत जा," काकू म्हणाल्या. "बायकांचे फार हाल होतात."

आनंदीबाईंना त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिलेल्या बऱ्या वाटल्या असत्या.

ऑगस्टमध्ये गंगा चढली. नावा बंद झाल्या. एक रविवार चुकला. पुढच्या गुरुवारी रामनगरहून सायकलवर दूध घेऊन येणारा माणूस शाळेच्या फाटकाशी आला. "बूढ़ी माई को तीन दिन से बुखार है. आपको बुलाती हैं."

आनंदीबाई वर्ग तसाच सोडून निघाल्या. लांबच्या वळशाने जाणाऱ्या राजघाटच्या पक्क्या पुलावर ट्रकांची रांग लागली होती. ऑटोवाला इंजिन बंद करून खाली उतरला, तेव्हा त्याही उतरल्या आणि पूल चालत ओलांडला. पलीकडे दुसरी गाडी केली. खोलीशी पोहोचल्या तेव्हा पावणेदोन वाजले होते. अंगणात बायका बसलेल्या दिसल्या आणि त्यांची चाल मंदावली.

काकू बारा वाजता गेल्या होत्या. शेजारणीने त्यांना खाली घेऊन वर पांढरी चादर घातली होती. "होश था आखिर तक," ती म्हणाली. "बार-बार पूछती थीं, नाव खुली कि नहीं. हम कहते थे, कल खुलेगी."

आनंदीबाई चादरीजवळ बसल्या. काकूंचा हात अजून पुरता गार झाला नव्हता.

जीपमधून काकूंना अलीकडे आणलं. मणिकर्णिकेवर पाणी चढलं होतं, वरच्या ओट्यावरच सरणं रचली जात होती. चार तास थांबावं लागलं. बिंदुमाधव आले होते. अग्नी त्यांनीच दिला. नंतर नोंद करायला गेले, तेव्हा खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मृत्यु कहाँ हुई?"

बिंदुमाधवांनी आनंदीबाईंकडे पाहिलं. मग मराठीत, हळूच म्हणाले, "काशी सांगू या. कोण बघायला आलंय?"

खोटं लिहून काकूंना काहीच मिळणार नव्हतं. मिळालं असतं ते या दोघांना.

"रामनगर," आनंदीबाई खिडकीत वाकून म्हणाल्या. "रामनगर लिखिए."

पुढच्या फेब्रुवारीत इमारत पुरी झाली. उद्घाटनाला मंडप पडला, हार आले. दिनानाथ स्वतः घरी आमंत्रण घेऊन आला होता. आनंदीबाईंनी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आठवड्याने, शाळेला जाता जाता, त्या उद्घाटनानंतर पहिल्यांदा तिथे थांबल्या. चार दारं, आत पांढऱ्या फरशा, स्वच्छ. बाहेर पंधरा-वीस बायकांची रांग. दाराशी बसणारी बाई अजून नेमलेली नव्हती.

रांगेतल्या एका म्हातारीला हातातलं गाठोडं कुठे ठेवावं ते सुचत नव्हतं. "ओ बाई," तिने मोडक्या हिंदीत आनंदीबाईंना हाक मारली, "जरा ये पकडो ना."

"द्या इकडे."

"अगं बया! मराठी हाय का तुम्ही?" गाठोडं त्यांच्या हातात देऊन ती आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली ती कोरडं लुगडं नेसून, केस पुसून. चेहरा सैल झाला होता. "परभणीहून आलो आम्ही. मालकाच्या अस्थी घेऊन. तीन दिस झाले घर सोडून. आज जिवाला बरं वाटलं बगा. ज्यानं हे बांधलं त्याला लई पुण्य लागंल."

आणि ती खाली वाकली. आनंदीबाई चटकन मागे सरल्या.

"मी नाही बांधलं."

"मंग कुणी?"

आनंदीबाईंनी गाठोडं तिला परत दिलं. तोवर मागच्या बाईने आपली पिशवी त्यांच्या हातात सरकवली होती, तिच्या मागचीने काठी. कुणीतरी चष्माही दिला. आनंदीबाई दोन्ही हात भरून तिथेच उभ्या राहिल्या. शाळेची वेळ टळून गेली. खालून आणखी बायका पायऱ्या चढून येत होत्या.