सहा मुख्याध्यापक आणि एक दार

सिंधूताई देवस्थळी पुण्यातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. साऱ्या नोकरीत त्यांनी दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. एक म्हणजे हाती आलेला माईक, आणि दुसरी म्हणजे शेवटचं मूल बाहेर पडल्यावरच आपण शाळेबाहेर पाऊल टाकायचं. माईकबद्दल शिक्षक मागून कुरकुरत, पण दुसऱ्या गोष्टीबद्दल सगळ्यांना त्यांचा आदर होता.

जपानमधल्या सेंदाईला सहा देशांच्या मुख्याध्यापकांची परिषद भरली. एकमेकांच्या शाळांमधलं चांगलं ते उचलायचं, असा उदात्त हेतू होता. दोन दिवस घसा कोरडा पडेपर्यंत चर्चा झाली आणि एकमत झालं ते फक्त चहाच्या सुट्टीवर. तिसऱ्या दिवशी एका प्राथमिक शाळेत भूकंपाचा सराव पाहायचा होता, नुसता पाहायचा नाही तर करायचाही होता. ही शाळा नेमकी सिंधूताईंच्या नातीची, अनघाची, निघाली. दुभाषीही त्यांचीच तिथे राहणारी लेक, अनघाची आई चारुता. त्यामुळे सिंधूताई खुशीत होत्या. अनघा मात्र आदल्या संध्याकाळपासून जिवाला घोर लावून घेऊन बसली होती.

"आजी, चार रूल्स. ढकलायचं नाही, पळायचं नाही, बोलायचं नाही, परत फिरायचं नाही."

"सोपं आहे की गं. आमच्या शाळेत ना, एकदा..."

"दामे," अनघा म्हणाली. जपानीत नापास करायला एवढा एकच शब्द पुरतो. "बोललीस. एप्रिलमध्ये वर्ष सुरू झाल्यापासून आमच्या वर्गातल्या कुणीच एकही रूल मोडला नाहीये. आणि तू माझी आजी आहेस हे सगळ्यांना माहितीय. माझी लाज काढू नकोस."

"नाही काढणार गं," सिंधूताई म्हणाल्या, आणि रात्रीचं जेवण त्यांनी तोंडाला कुलूप लावून केलं. चारुताला वाटलं, आईला बरं नाही.

सकाळी भोंगा झाला. मुलं बाकांखाली शिरली, मग खुर्चीवरची जाड उशी उलगडून डोक्यावर टोपीसारखी बांधून, आवाज न करता ओळीने मैदानात गेली. बघता बघता शाळा रिकामी झाली. चारुताही एका वर्गामागून बाहेर पडली. आत राहिले सहा मुख्याध्यापक.

सहाही जण दाराशी आले आणि थांबले, कारण शाळेच्या प्रमुखाने शेवटी निघायचं हा नियम सहाही देशांत एकच होता. दोन दिवस शोधून जे एकमत सापडलं नव्हतं ते इथे सापडलं, आणि तेही अशा अडनिड्या जागी.

बोलायचं नव्हतं. सिंधूताईंनी पंगतीत 'बसा ना' म्हणावं तसा हात पुढे केला. केनियाचे सर छातीवर हात ठेवून एक पाऊल मागे सरले. फिलिपिन्सच्या मॅडम गोड हसल्या आणि जागच्या हलल्या नाहीत. न्यूझीलंडच्या सरांनी चलाखी करून दारच धरून ठेवलं, म्हणजे ते आधी जाणार कसे. फिनलंडच्या उंच बाईंची टाच पाहुण्यांसाठीच्या चिमुकल्या सपातेबाहेर लोंबत होती, पण त्याही भिंतीला पाठ लावून ठाम. यजमान ओनोदेरा-सान यांचा हक्क खरं तर सगळ्यांत मोठा, शाळाच त्यांची. ते वाकले. म्हणून हे पाचजण वाकले. म्हणून ते आणखी वाकले. जपानात वाकायला सुरुवात झाली की ते थांबवायचं कुणी, हा प्रश्न तिथेही सुटेना.

आपण हटायचं नाही, असं सिंधूताईंनी मनोमन ठरवलं. पुण्याच्या मानाचा प्रश्न होता.

बाहेर तीनशे मुलं गुडघे जवळ घेऊन बसली होती. उपमुख्याध्यापक हातातल्या घड्याळाकडे पाहत होते. डोकी मोजून झाली होती, सहा कमी भरत होती.

सिंधूताई सातव्यांदा की आठव्यांदा वाकून वर आल्या, तर समोर अनघा. डोक्यावर उशी, डोळे भरलेले. तिला हाक मारत येणारी वर्गशिक्षिका मागे अर्ध्या मैदानात होती.

"आजी, तू आली नाहीस," ती मराठीत म्हणाली. "सगळे आले. मी दाराकडेच बघत होते."

बोलली होती, आणि परत फिरली होती. एप्रिलपासून जपलेलं सगळं तिने आजीपायी घालवलं होतं. आज खरंच जमीन हलत असती तरी ही पोर अशीच आत आली असती, आणि तिला आत आणणारी आपली ऐट होती. त्यांनी तिचा हात धरला आणि कुणाकडेही न पाहता पहिल्या बाहेर पडल्या. मागचे पाचजण मुकाट्याने आले.

ओनोदेरा-सान चौथऱ्यावर चढले. मुलांचं कौतुक झालं. "तिसरीतलं एक मूल परत फिरलं," ते म्हणाले, आणि अनघाची मान खाली गेली. सिंधूताईंनी माईक मागितला. चारुताने जीव मुठीत धरला, आता अर्ध्या तासाचं भाषण ठरलेलंच असं समजून.

"चूक तिची नाही, माझी आहे," सिंधूताई म्हणाल्या आणि माईक परत दिला.

चारुता पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. ते आलंच नाही, तेव्हा तिने घाईने भाषांतर केलं. ओनोदेरा-सान मुलांकडे वळले. "मुलं पास," मग ते म्हणाले. "मुख्याध्यापक सहाच्या सहा नापास. मीसुद्धा. उद्या दहा वाजता पुन्हा." हसायचं नाही असा नियम नसल्यामुळे तीनशे मुलं पोटभर हसली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भोंगा झाला. दाराशी सिंधूताईंचा पाय सवयीने अडखळला, पण त्या निघाल्या, सगळ्यांच्या आधी. मागे सपातांचा फटफट आवाज येत होता. कोण आलं, कोण राहिलं, वळून पाहायला मान नुसती शिवशिवत होती. त्यांनी पाहिलं नाही.

अनघा ओळीच्या टोकाला बसली होती. बोलायचं नव्हतंच. ती थोडी सरकली आणि तिने आजीला शेजारी जागा करून दिली.