शेवटच्या स्टॉपनंतर

साईनाथ अंबरनाथच्या एका शाळेची बस चालवायचा. मुलं घरोघरी सोडून बस मोरिवलीच्या यार्डात लावायची आणि मग बदलापूरला, बेलवलीतल्या घरी जायचं. पगार ठरल्या वेळेपुरता. गॅदरिंग असो, सहल असो, ट्रॅफिक असो, वरचे तास फुकट. उशीर झाला की शेअर रिक्षा मिळायची नाही, मग आख्ख्या रिक्षाचं भाडंही त्याच्याच खिशातून. बसचं काम बघणाऱ्या नेत्रा मॅडमना त्याने विचारलं होतं. "बघू," म्हणाल्या आणि विसरल्या. शेवटी वैतागून त्याने एका कंपनीच्या बसवर रात्रपाळीची नोकरी पक्की केली. त्याची बायको रंजना नुसतं म्हणाली, "म्हणजे पोरांना तुम्ही फक्त झोपलेले दिसणार."

राजीनामा द्यायचा त्याच आठवड्यात बसवरच्या कौसाबाईंना ताप आला. मुलांसोबत बाई असल्याशिवाय बस सुटत नाही, म्हणून नेत्रा मॅडम स्वतः बसल्या.

शेवटच्या स्टॉपवर छोट्या रविनाला घ्यायला कोणीच नव्हतं. आईचा फोन लागेना.

"शाळेत परत नेऊ या का?" मॅडम म्हणाल्या.

"तिची आई इकडे येईल आणि पोर दिसली नाही तर काय होईल तिचं? थांबू."

थांबले. रविना पुढच्या सीटवर बसून गाणी म्हणत राहिली. अंधारून आलं तेव्हा तिची आई धापा टाकत आली. कामावरून सुपरवायझरने सोडलंच नव्हतं. पोरीला छातीशी धरून तिने पुन्हा पुन्हा साईनाथचे आभार मानले.

बस लावून दोघं यार्डाबाहेर आले, तर रिक्षावाले एका-दोघांसाठी निघायला तयार नाहीत. एकाने बदलापूरचं दुप्पट भाडं सांगितलं. साईनाथने मुकाट्याने खिशात हात घातला.

"हे नेहमीचंच?" मॅडमनी विचारलं.

"रोज नाही. पण होतं."

"मग सांगायचं ना कोणाला."

"तुम्हालाच सांगितलं होतं, मॅडम."

भाडं त्यांनी दिलं.

पुढच्या सोमवारी त्याला ऑफिसात बोलावणं आलं. राजीनामा द्यायचा तो आजच, असं ठरवूनच तो आत गेला.

"ट्रस्टींशी बोलले," नेत्रा मॅडम म्हणाल्या. "ड्युटीनंतरच्या तासांचा ओव्हरटाइम मिळेल. उशीर झाला तर घरापर्यंतचं भाडंही. सगळ्या ड्रायव्हरना आणि बायांनासुद्धा. मागचं मात्र मिळणार नाही, भांडून पाहिलं." मग म्हणाल्या, "तेव्हाच ऐकायला हवं होतं मी. तुम्हाला काही बोलायचं होतं का?"

"नाही," साईनाथ म्हणाला. "काही नाही."

बाहेर येऊन त्याने कंपनीवाल्याला नकार कळवला. मग रंजनाला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. "घरी या लवकर," एवढंच ती म्हणाली.

बसच्या पायरीवर कौसाबाई बसल्या होत्या, ताप उतरून आजच आलेल्या. त्याने त्यांना ओव्हरटाइमचं आणि भाड्याचं सांगितलं.

"मलापण?"

"तुम्हालापण, मावशी."

कौसाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. साईनाथ त्यांच्या शेजारी टेकला. शाळा सुटायला अजून वेळ होता.