नेरीची हाक

नेरीची राख आम्ही नदीकडच्या गोलपोस्टसमोर पसरली. उरुग्वेतल्या आमच्या पायसांदूत फुटबॉल क्लबचा जुना माणूस गेला की असंच करतात. चूक एवढीच झाली, की ती हेबेरच्या हातून पसरली.

दोघं लहानपणापासूनचे आमचे फॉरवर्ड. मी उजवीकडून क्रॉस द्यायचो, हेबेरच्या मागून नेरी घोगऱ्या आवाजात ओरडायचा, "सोड!" हेबेर पाय फाकवून चेंडू मधून जाऊ द्यायचा आणि नेरी गोल मारायचा. पुढे हेबेर मोंतेविदेओला गेला, मेक्सिकोत नाव कमावलं, आणि पस्तिशीत परत आला तो नेरीबरोबर शेवटचे सामने खेळायला. थोड्याच दिवसांत नेरी मासे धरताना होडीतच गेला.

त्यानंतर त्या गोलसमोर हेबेर माझा प्रत्येक क्रॉस सोडून द्यायला लागला. चेंडू सरळ मैदानाबाहेर. माझं डोकंच फिरायचं.

"अरे, मागे कुणी नाहीये!"

"ओरडला ना तो."

"मग त्यालाच घेऊन खेळतो, तू बस घरी!"

तो हसला नाही. थापा मारताना हेबेरचा चेहरा कसा होतो हे मला चांगलं ठाऊक होतं, आणि हा चेहरा तो नव्हता.

शेवटचा सामना जिंकलो नाही तर क्लब खालच्या विभागात जाणार होता. कोच सगळ्यांसमोर म्हणाले, "हेबेर, आज सोडलास तर गावात तोंड दाखवू नकोस." तो खाली मान घालून बूट बांधत राहिला. मैदानात उतरताना कुंपणापाशी नेरीची बायको एलिदा उभी होती, बगलेत थर्मास धरून.

"भावजी," ती हेबेरला म्हणाली, "क्लब बुडालेला त्याला चालला असता का हो?"

सामना संपत आला तरी गोल नव्हता. नदीकडच्या गोलसमोर मी क्रॉस दिला. हेबेरचे पाय फाकायला लागलेले मला दिसले. मग त्याने डोळे मिटून लाथ घातली. गोल!

लोक कुंपण ओलांडून आत आले, मला उचलून नाचले. हेबेर मात्र गवताला कान लावून पडला होता. लोकांना वाटलं, आनंदाने रडतोय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला रिकाम्या मैदानावर बोलावलं.

"क्रॉस दे."

मी दिला. त्याने सोडला. पुन्हा दिला, पुन्हा सोडला. दर वेळी तो मान कलती करून ऐकत होता.

"एकदाच तर नाही ऐकलं रे त्याचं," तो म्हणाला. "एवढा राग?"

मला ते बघवेना. पुढचा क्रॉस देतानाच मी जमेल तेवढा आवाज घोगरा करून ओरडलो, "सोड!"

हेबेरने पाय फाकवले. चेंडू मधून निघून पोस्टजवळून हळूहळू बाहेर गेला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

"हा तो नव्हे," तो म्हणाला, आणि खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला.